मांजराची शिस्त आणि आपला हात

नमस्कार, श्रोतेहो.

“काल फार बोचकारले, म्हणून दोन फटके दिले.” पशुवैद्य म्हणून काम करताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, आज केवळ त्या दोन फटक्यांविषयीच बोलावे असे मला मनापासून वाटले.

मध्यंतरी एक बाई आपल्या सात महिन्यांच्या बोक्याला घेऊन आल्या होत्या. जिन्याखाली सापडला तेव्हा तो जेमतेम चार आठवड्यांचा होता. मुले त्याच्यापुढे बोटे नाचवत, तो बोटांना लटकत असे आणि घरादाराला त्याचे कौतुक वाटे. आता तोच बोका पलंगाखाली दबा धरून बसे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पोटरीवर झडप घाली आणि वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली की अधिकच चवताळे. तो बिघडला, असे बाईंचे म्हणणे होते. माझ्या मते तो बिघडला नव्हता, त्याचे शिकायचेच राहून गेले होते. भावंडांशी मस्ती करताना एखादे पिल्लू जोरात चावले तर दुसरे कळवळून ओरडते आणि खेळ सोडून निघून जाते. आईही वेळप्रसंगी पंजाने दूर सारते. दात किती रोवावेत आणि नख्या केव्हा आत घ्याव्यात, हे पिल्लाला असे कळत जाते. म्हणूनच पिल्लू किमान आठ आठवडे, आणि शक्य असेल तर बारा आठवडे, आईपाशी राहिलेले बरे. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. त्या फिरण्यात आपण मध्येच एखादे पिल्लू उचलून आणले, तर हे शिक्षण देण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

ती पार पाडताना फटका उपयोगी पडत नाही. मांजर चावल्यानंतर आपण उठतो, रागावतो, त्याला पकडतो आणि मग मारतो. तोवर चावण्याचा क्षण मागे पडलेला असतो, आणि मांजराच्या ध्यानात राहतो तो फक्त दुखवणारा हात. तोंडावर पाणी उडवल्यानेही हेच होते. आई पिल्लाला मानगुटीला धरून नेते हे खरे, पण मोठ्या मांजराला तसे धरले की ते अडकल्यासारखे होऊन घाबरते, आणि घाबरलेले मांजर अधिक चावते. कायद्याच्या दृष्टीनेही पाहा: प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपल्याकडील कायदा 1960 सालचा आहे आणि प्राण्याला मारणे, लाथाडणे यांचा त्यात गुन्हा म्हणून उल्लेख आहे.

मग करावे काय? मांजराने हात पकडला तर झटक्याने ओढू नये, कारण निसटणारी वस्तू त्याला भक्ष्यासारखी वाटते. हात तसाच स्थिर ठेवावा, पकड सैल झाली की शांतपणे काढून घ्यावा आणि काही वेळ त्याच्याकडे लक्षच देऊ नये. मात्र त्याच्यातल्या शिकाऱ्याला दुसरी वाट द्यायलाच हवी. काठीला दोरीने बांधलेले पीस घेऊन रोज दोनदा, दहा-पंधरा मिनिटे त्याला पळवावे, शेवटी ते पीस पकडू द्यावे आणि लगेच जेवण द्यावे. मांजरे पहाटे आणि संध्याकाळी अधिक चपळ असतात, तेव्हा या वेळा साधल्या तर उत्तम. खेळ संपल्यावर दोरी आठवणीने कपाटात ठेवावी. गिळलेली दोरी आतड्यात अडकून जिवावर बेतू शकते. त्या बोक्याच्या घरी सर्वांत अवघड काम होते ते मुलांची बोटे आवरण्याचे. ते जमल्यावर दीडेक महिन्यात पोटऱ्यांवरचे ओरखडे थांबले.

काही मांजरे मांडीवर सुखाने बसलेली असताना अचानक चावतात. ते अचानक नसते. त्याआधी शेपटीचे टोक आपटू लागते, पाठीवरची कातडी थरथरते, कान मागे वळतात. पहिली खूण दिसताच कुरवाळणे थांबवावे. तसेच खिडकीबाहेर परका बोका दिसल्यावर किंवा दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेले मांजर जवळ येणाऱ्या घरच्याच माणसावर धावून जाते. अशा वेळी त्याला उचलून घेण्याचा मोह टाळावा, खोलीत अंधार करावा आणि त्याला एकटे सोडावे. पूर्ण निवळायला कधी कधी काही तासही लागतात.

एका गोष्टीविषयी मला विशेष कळकळीने सांगायचे आहे. वर्षानुवर्षे शांत असलेले मांजर एकाएकी अंगावर येऊ लागले, तर आधी त्याला तपासून घ्यावे. किडलेला दात, सुजलेल्या हिरड्या किंवा म्हातारपणातले सांध्यांचे दुखणे त्याला सांगता येत नाही. एका घरात आजोबांच्या मांडीवर वाढलेली मनी हनुवटीला हात लावताच फिस्कारू लागली, म्हणून तिला रात्री गच्चीवर कोंडले जात होते. तपासले तेव्हा तिच्या खालच्या जबड्यातला दात मुळाशी सडलेला आढळला. किती दिवस ती तो ठणका सोसत होती, कोण जाणे.

आणि मांजर चावलेच, तर जखम लहान दिसते म्हणून दुर्लक्ष करू नका. त्याचे दात सुईसारखे असतात. ते जंतू खोलवर नेतात आणि वरचे छिद्र लवकर बुजते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद किंवा चुना लावू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण रेबीज मांजरापासूनही होतो. आपल्या मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी आणि पुढच्या मात्रांच्या तारखा पशुवैद्यांकडून कार्डावर लिहून घ्याव्यात.

नमस्कार.