पालक फडावर, सभा गावात

(दृश्य : बालाघाटच्या डोंगरातलं एक गाव. पहाट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सामान चढतंय.)

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात. शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केज. इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या दिवाळीपर्यंत पुढंमागं निघतच राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. लग्नाला नाहीतर दवाखान्याला मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते, ती फेडायची तर कोयत्याला जावंच लागतं. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी साताऱ्याला, कुणी थेट बेळगावकडं. परत यायचं ते पाडव्याच्या आगेमागे. हंगाम लांबला तर एप्रिलही तिकडंच.

ट्रॉलीत बघा. कोपीसाठी, म्हणजे तिकडं राहायच्या झोपडीसाठी, ताडपत्री, बांबू, पाण्याची टाकी, पिठाचा डबा, डालग्यात कोंबड्या. त्या सगळ्याच्या वर दोन लेकरं बसलीत. धाकट्याच्या पाठीवर दप्तर तसंच आहे.

(दृश्य : जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. बाहेरच्या भिंतीवर रेल्वेचा डबा रंगवलेला.)

ही त्यांची शाळा. गावाचं नाव आम्ही मुद्दाम घेत नाही, कारण या पट्ट्यात अशी शाळा शोधायला लांब जावं लागत नाही. शेरा ठरलेला असतो : मुलं अप्रगत, पट घसरता, पालक उदासीन. तिसरा शब्द लक्षात ठेवा. तो बरोबर आहे की नाही, एवढंच आम्हाला तपासायचं होतं.

आधी पटाचं बघू. शाळेला किती शिक्षक द्यायचे हे संच मान्यतेत ठरतं आणि त्यासाठी बहुतेक वर्षी 30 सप्टेंबरचा पट धरला जातो. त्या दिवशी ही शाळा भरलेली असते. पुढच्या महिन्या-दीड महिन्यात निम्मी बाकं मोकळी. म्हणजे कागदावरची शाळा आणि वर्गातली शाळा, या दोन शाळा जेमतेम काही आठवडे एकमेकींना भेटतात.

(दृश्य : हजेरीपत्रकाची पानं. नोव्हेंबरपासून लाल शाईच्या रेघा.)

थंडीत आम्ही गुरुजींच्या टेबलावर दोन वह्या बघितल्या. एक हजेरीची, दुसरी शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताची.

1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेला ही समिती दिली. कलम 21. तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांतूनच, मुख्याध्यापक सचिव, आणि महिन्याला सभा. समितीनं शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, आलेला पैसा कसा खर्च होतो ते बघायचं आणि शाळा विकास आराखडा तयार करायचा. कलम 22 म्हणतं की पुढचं अनुदान या आराखड्याच्या आधारानं द्यायचं. वाचायला फार चांगला कायदा आहे, खरंच.

आता इतिवृत्ताची वही. ऑगस्टच्या सभेला सह्या भरपूर, त्यात दोन-चार अंगठे. नोव्हेंबरला सह्या कमी. डिसेंबरला अध्यक्षांचीच सही नाही, कारण अध्यक्ष बाई फडावर, ऊसतोडीला. जानेवारीच्या पानावर मात्र पुन्हा सगळ्यांच्या सह्या, एकाच निळ्या पेनाच्या. खाली वाक्य : ‘सर्वानुमते मंजूर.’ गुरुजींनी पान उलटायची जरा घाई केली. आम्हीही जास्त विचारलं नाही. एकटा माणूस दोन वर्ग सांभाळतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो, ऑनलाइन माहिती भरतो. रिकामं पान तपासणीत दाखवायचं कसं, हा त्याचा प्रश्न खराच आहे.

पण डिसेंबर महिना इथं कळीचा आहे. केंद्रानं 2010 साली काढलेल्या नमुना नियमांत विकास आराखड्याची मुदत दिली आहे : समिती ज्या आर्थिक वर्षात स्थापन होते, ते वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी. 31 मार्चच्या तीन महिने आधी म्हणजे डिसेंबरअखेर. गळीत हंगाम ऐन भरात असतो तेव्हा. पहाटे तीन-चारला उठून कोयता सुरू, दुपारी मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, गाडी कारखान्याच्या काट्यावर कधी रिकामी होईल ते कारखान्याला ठाऊक. आराखडा कुणी बनवायचा, तर या माणसांनी.

मे महिन्यात हीच माणसं गावात असतात, लेकरंही असतात. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते.

उदासीन कोण, ते तुम्हीच ठरवा.

(दृश्य : शाळेतला टीव्ही, त्यावर कापडाचं झाकण. भिंतीवर देणगीदारांची यादी.)

गावाचा या शाळेवर जीव नाही असं कुणी म्हणू नये. हा टीव्ही लोकवर्गणीतून आला. मध्यंतरी शाळांना रेल्वेच्या डब्यासारखा रंग द्यायची राज्यभर लाटच आली होती, तो रंगही वर्गणीचाच. उचलीच्या पैशातून लोकांनी पन्नास-शंभर रुपये काढून दिलेत, नावं भिंतीवर आहेत. पण वर्गणी मागायला जसं घरोघर फिरलं गेलं, तसं ‘शाळेत काय बदललं पाहिजे’ हे विचारायला कुणी फिरलं नव्हतं. महाराष्ट्रात लोकसहभाग म्हटलं की बहुतेक वेळा पावतीपुस्तकच पुढं येतं.

(दृश्य : पोळ्याचे बैल. संध्याकाळ. मारुतीच्या देवळाचा सभामंडप.)

पुढच्या वर्षी गुरुजींनी एक साधी गोष्ट केली. सभा शाळेत सकाळी अकराला न घेता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री आठला, देवळात ठेवली. अकराच्या सभेला यायचं म्हणजे रोज बुडवायचा, हे त्यांना अध्यक्ष बाईंनीच सांगितलं होतं. टोळ्या अजून निघायच्या होत्या. माणसं आली. बायका आल्या, त्या आधी खांबाआड बसल्या.

पहिला अर्धा तास फुकट गेला. सरपंचांनी सत्कार घेतले, कुणीतरी कंपाउंड भिंतीचा विषय काढला आणि त्यावरून दोन भावक्यांत जुंपली. डॉक्युमेंटरीत हे कापून टाकायचा मोह होतो. नाही कापलं.

मग खांबाआडून एक बाई बोलली.

(आवाज : महिला पालक)
“तुमचं जेवन दिवाळीनंतर सुरू होतंय. आमची गाडी धनतेरसच्या आदी हलती. मंग मदले पंधरा-वीस दिवस लेकराला काय वाऱ्यावर ठेवू का? म्हनून नेते संगं. हौस नाही मला.”

(दृश्य : शाळेच्या मागची चूल. मोठं पातेलं. दोन बायका भाकरी थापताहेत.)

ती बोलत होती ते हंगामी वसतिगृहाबद्दल. वसतिगृह म्हटलं की इमारत आणि पलंग डोळ्यांपुढं येतात. इथं बहुतेक ठिकाणी तसं काही नसतं. आई-वडील तोडीला गेलेल्या मुलांना सकाळ-संध्याकाळ जेवण शाळेत, दुपारी नेहमीचा पोषण आहार, झोपायला आजी-आजोबांकडं. समग्र शिक्षा अभियानाचा पैसा आणि चालवायची जबाबदारी याच शाळा व्यवस्थापन समितीची. लेकरू गावात राहतं, शाळा बुडत नाही, म्हाताऱ्या माणसावर रांधायचं ओझं पडत नाही. योजना चांगली आहे. तिच्यात बोगस नावं घातल्याच्या तक्रारीही झाल्या आणि त्यामुळं तपासण्या वाढल्या, कागद वाढले.

गोम वेळेत आहे. किती मुलं मागं राहिली याचं सर्वेक्षण बऱ्याचदा टोळ्या गेल्यावर होतं. मग समितीचा ठराव, प्रस्ताव पंचायत समितीला, तिथून जिल्हा परिषदेला, मग मंजुरी. तोवर ज्या आईला लेकरू ठेवायचं होतं, तिनं ते ट्रॉलीत बसवलेलं असतं. सर्वेक्षणात ते ‘स्थलांतरित’ म्हणून मोजलं जातं. जेवण वेळेवर असतं तर ते स्थलांतरित झालंच नसतं, हे त्या तक्त्यात भरायला रकाना नाही.

ही गोष्ट कुठल्या अहवालातून यायला हवी होती? ती त्या बाईला माहीत होती. दर वर्षी माहीत होती.

एकदा तोंड उघडल्यावर मग बायका थांबल्या नाहीत. एक आजी उभी राहिली, नातीचा हात धरून.

(आवाज : आजी)
“मला रातचं दिसत नाही. पोरगी बारा वर्साची. जेवन देता, चांगलं करता. पर रातच्याला कुनी दार वाजवलं तर मी काय बगनार? तिची आई तिकडं जिवाला लावून घेती. औंदा म्हनती, उरकूनच टाकू.”

सभामंडप गप्प झाला. उरकायचं काय, ते सगळ्यांना कळलं होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019 ते 2021 या काळात, बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयोगटाच्या बायकांपैकी 43.7 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. गरिबी, हुंडा, रीत अशी कारणं सांगतात, ती आहेतच. पण मागं ठेवलेल्या मुलीला रात्री सोबत कोण, हा प्रश्न आई-बापांच्या मनात आधी येतो. आणि लग्न झालं की मुलगा-सून मिळून नवा कोयता तयार होतो, त्यावर उचल मिळते. शाळेच्या भिंतीवर ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ लिहून या हिशेबाला उत्तर मिळत नाही.

उत्तर सभेतच निघालं, आणि ते साधं होतं. स्वयंपाकाचं काम करणाऱ्या दोघींपैकी एकीनं सांगितलं की माझी सासू नि मी शाळेच्या एका खोलीत झोपू, मोठ्या पोरींना तिथं ठेवा. मात्र खोलीला आतून कडी पाहिजे, बाहेर दिवा पाहिजे आणि संडासात पाणी पाहिजे. रेल्वेच्या डब्याला रंग देताना संडासाची मोटार दुरुस्त करायची राहूनच गेली होती.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. कारखान्याजवळचा कोप्यांचा तळ.)

लेकरं तिकडं गेली तर तिकडं शिकवू, हाही प्रयोग महाराष्ट्रानं करून पाहिला आहे. जनार्थ संस्थेनं कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालवल्या. शिक्षणहक्क कायदा आल्यावर भर जवळच्या नियमित शाळेवर आला. गावाकडची शाळा मुलाला शिक्षण हमी कार्ड देते, ते दाखवलं की जिथं असेल तिथं प्रवेश मिळावा. आता फड आज इथं तर आठवड्यानं चार कोस पुढं. बेळगाव भागात गेलं तर जवळची शाळा कानडी. मोठ्या पोरीला तर धाकटं भावंड सांभाळायला कोपीवरच थांबायचं असतं. एका बापानं ते कार्ड खिशातून काढून दाखवलं, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेलं, कोरं करकरीत. वापरायची वेळच आली नव्हती.

मग त्यानंच विचारलं : “आमी वैशाखात घरी बसून असतो. पोरं उकिरड्यावर खेळत्यात. तवा शाळा कामून नाही?”

यावर मात्र वादावादी झाली. गुरुजी म्हणाले, उन्हाळी सुट्टी आमच्या हक्काची आहे. त्यांचं चुकलं असं आम्हाला वाटत नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाला ‘सेवाभाव’ शिकवणं सोपं असतं, विशेषतः सभेत. सुट्टीत काम केलं तर त्या बदली अर्जित रजा द्यायची तरतूद सेवा नियमांत आहे, पण ती मागायला आधी वरिष्ठांचा लेखी आदेश लागतो आणि आदेश कुणी काढायचा, इथं गाडी अडते. गावातले बारावी झालेले दोन तरुण सकाळचे दोन तास घ्यायला तयार झाले. त्यांना मानधन कुठून द्यायचं हे ठरलं नाही. कुणी म्हणालं वर्गणी काढू. अध्यक्ष बाई फटकन म्हणाल्या, “परत वर्गनी? आराखड्यात घाला की. कायदा कशाला हाय मंग?”

गुरुजी हसले. पण लिहून घेतलं त्यांनी.

(दृश्य : इतिवृत्ताची वही, जवळून. अक्षर घाईचं. खाली सह्या, वेगवेगळ्या पेनांच्या.)

त्या रात्री ठराव झाले. मागं राहणाऱ्या मुलांची यादी टोळ्या हलायच्या आत, घरोघर जाऊन करायची. जेवण पहिली गाडी निघेल त्या दिवसापासून सुरू, मंजुरी येईपर्यंत ज्वारी गावानं द्यायची आणि ती उसनी म्हणून लिहून ठेवायची. पोरींच्या खोलीची कडी, दिवा, पाणी याला समितीच्या हातातल्या पैशातून सगळ्यात आधी खर्च. विकास आराखडा डिसेंबरची वाट न बघता भाद्रपदातच लिहून काढायचा. आणि फडावरून अध्यक्षांनी दर सभेला फोनवर बोलायचं, इथं सही त्यांच्या जागी कुणीही करायची नाही.

हा शेवटचा ठराव गुरुजींनी स्वतः मांडला.

सगळं जमलं असं नाही. कडी आणि दिवा आठवड्यात लागला. मोटारीला वेळ लागला. कंपाउंड भिंतीचं भांडण अजून चालू आहे. वैशाखातल्या वर्गाचा विषय तालुक्याच्या पातळीवर अडकलाय, कारण एका शाळेला परवानगी दिली तर बाकीच्या मागतील, असं तिथं म्हणणं पडलं. मागितली तर काय बिघडलं, हे आम्ही विचारलं. साहेब मीटिंगला निघाले होते.

(दृश्य : एसटीचा थांबा. अध्यक्ष बाई आणि गुरुजी. बाईंच्या हातात प्लास्टिकची फाइल.)

आराखडा पंचायत समितीत द्यायला गुरुजी एकटेच निघाले होते. बाईंनी त्या दिवशीचा रोज बुडवला आणि सोबत गेल्या. आवक-जावकच्या खिडकीवर कारकुनानं कागद घेतला, बाजूला ठेवला आणि ‘या आता’ म्हणाला. बाई हलल्या नाहीत. दुसरी प्रत त्यांनी खिडकीतून आत सरकवली.

(आवाज : अध्यक्ष बाई)
“पोच द्या. शिक्का मारून, तारीख टाकून. आमी दिवाळीला इथं नसतो.”