हरणासाठी .२२३ रायफल: काडतूस निवडताना गोळीची बांधणी का पाहावी?

नमस्कार. इंदूरहून चालणाऱ्या या वाहिनीवर असा विषय घेताना एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात चितळ किंवा सांबराची शिकार हा गुन्हा आहे, आणि ज्या रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचे शिकारगृह होते ती टेकडीदेखील आज अभयारण्य आहे. आजचे विवेचन आहे ते अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि तेथे रीतसर परवाना काढून शिकारीला जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसाठी. त्यांच्यापैकी अनेकांकडे .२२३ रेमिंग्टन या काडतुसाची रायफल असते आणि हरणासाठी तीत कोणते काडतूस वापरावे, असा त्यांचा प्रश्न असतो.

आपल्याकडे ‘बावीस बोर’ म्हटले की नेमबाजीच्या सरावाचे लहान काडतूस डोळ्यांसमोर येते. त्याच्या आणि .२२३ च्या गोळीची जाडी जवळजवळ सारखीच असते. परंतु पहिल्याची ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी नळीतून बाहेर पडताना सुमारे १४० फूट-पाउंड (हे ऊर्जेचे एकक) ऊर्जा घेऊन निघते, तर दुसऱ्याची ५५ ग्रेनची गोळी सुमारे १,२८० फूट-पाउंड. त्यामुळे बावीस बोरचा हरणासाठी विचारच करू नये. टेक्सासमध्ये तर अशी रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारी) काडतुसे हरणासाठी कायद्यानेच निषिद्ध आहेत.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे गोळीची बांधणी. महूची लष्करी छावणी जवळ असल्यामुळे इंदूरकरांना भारतीय सैन्याच्या इन्सास रायफलची ५.५६ मिलिमीटरची, म्हणजे .२२३ च्याच जाडीची गोळी ऐकून ठाऊक असते. सैन्याच्या अशा गोळीवर धातूचे पूर्ण आवरण असते, कारण शरीरात शिरल्यावर सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असे १८९९ च्या हेगच्या जाहीरनाम्याने ठरवले. त्या वादाच्या मुळाशी कोलकात्याजवळच्या दमदम येथील कारखान्यात तयार झालेली गोळी होती. शिकारीत मात्र नियम नेमका उलटा आहे. पूर्ण आवरणाची गोळी बारीक भोक पाडून आरपार निघून जाऊ शकते आणि जखमी जनावर दूरवर पळून तासन्‌तास तडफडत राहते. म्हणून कोलोरॅडोसारख्या राज्यांत हरणासाठी पसरणारीच गोळी सक्तीची आहे. स्वस्त मिळतो म्हणून सरावाच्या, पूर्ण आवरणाच्या काडतुसांचा डबा जंगलात नेणे मला अक्षम्य वाटते.

याउलट, कोल्ह्यासारख्या लहान प्राण्यांसाठी बनवलेल्या गोळीचे आवरण इतके पातळ असते की ती हरणाच्या खांद्यावर आदळताच फुटते आणि जखम उथळच राहते. आपल्याला हवी असते ती पुढून पसरणारी, पण मागचा भाग शाबूत ठेवून फुप्फुसांपर्यंत पोहोचणारी गोळी. जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात गोळीच्या पोटात धातूची आडवी भिंत ठेवण्याची युक्ती काढली, ती याच कारणासाठी. .२२३ मध्ये ६० ग्रेनची नॉस्लर पार्टिशन, ६२ ग्रेनची फेडरल फ्यूजन आणि ६४ ग्रेनची विंचेस्टर पॉवर-पॉइंट या त्या दृष्टीने योग्य गोळ्या आहेत. ५५ ग्रेनची बार्न्सची अखंड तांब्याची गोळीही चालते. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळीच वापरावी लागते, त्यामुळे तेथे हा शेवटचाच पर्याय उरतो.

डबा विकत घेण्यापूर्वी नळीवरचा आकडा वाचावा. नळीच्या आत कोरलेले, गोळीला फिरवणारे आटे किती इंचांत एक फेरा पूर्ण करतात, हे त्यावरून कळते. बारा इंचांत एक फेरा असलेल्या जुन्या नळीतून ५५ ग्रेनची साधी गोळी स्थिर जाते, पण त्याहून लांब गोळी हवेत डोलू लागते. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब असते, म्हणून तिच्यासाठी नऊ किंवा आठ इंचांचा फेरा बरा. आणखी एक सावधगिरी: नळीवर केवळ .२२३ असे कोरलेले असेल, तर तीत ५.५६ चे लष्करी काडतूस घालू नये, कारण त्यामुळे दाब धोकादायक रीतीने वाढू शकतो.

अर्थात, काही ठिकाणी हा सारा विचार करण्याची गरजच उरत नाही. कोलोरॅडोत हरणासाठी किमान .२४ कॅलिबर (म्हणजे सुमारे .२४ इंच जाडीची गोळी) लागते, व्हर्जिनियात .२३, इंग्लंडमध्ये मोठ्या जातींसाठी .२४० आणि १,७०० फूट-पाउंड ही किमान मर्यादा आहे. अशा ठिकाणी .२४३ विंचेस्टर (१९५५ साली आलेले काडतूस) घ्यावे. त्याची १०० ग्रेनची गोळी सुमारे १,९५० फूट-पाउंड ऊर्जा देते आणि धक्काही सोसवेल इतकाच असतो. खरे सांगायचे तर, रायफल अजून घ्यायचीच असेल, तर कायदा .२२३ ला परवानगी देत असला तरीही माझा कौल .२४३ लाच राहील. विशेषतः उत्तरेकडील राज्यांत, जेथे पूर्ण वाढलेला नर नव्वद किलोंच्या वर सहज जातो.

.२२३ च वापरायची असेल, तर दीडशे यार्डांपलीकडे गोळी झाडू नये. जनावर पूर्ण आडवे उभे राहीपर्यंत थांबावे आणि खांद्याच्या जाड हाडावर नव्हे, तर त्याच्या किंचित मागे नेम धरावा. निवडलेल्या काडतुसाचे दोन डबे एकाच उत्पादन-क्रमांकाचे घ्यावेत; त्यांतील एक रेंजवर शंभर यार्डांवर दुर्बीण जुळवण्यासाठी वापरावा आणि दुसरा शिकारीसाठी राखून ठेवावा.