राइड जाहीर होते, पण उघडते कधी?

मंडळी, थीम पार्कमध्ये चित्रपटाच्या नावावर राइड जाहीर झाली की बातमी त्याच दिवशी छापून येते. राइड येईलच असं नाही. 'अवतार'साठी डिस्नीचा करार २०११ साली जाहीर झाला आणि फ्लोरिडात त्याचा विभाग, पँडोरा, उघडला २०१७ च्या मे महिन्यात. हा निदान उघडला तरी. खर्चाचा पक्का आकडा हाती आला की बरेच आराखडे कपाटात जातात.

पहिली गाठ हक्कांची. स्पायडरमॅनसारखी पात्रं ज्यांची, त्या मार्व्हलने १९९४ मध्ये ती पार्कमध्ये वापरू द्यायचा करार डिस्नीच्या स्पर्धक युनिव्हर्सलशी केला. पुढे २००९ मध्ये डिस्नीने मार्व्हल कंपनीच विकत घ्यायचं ठरवलं; तरी ऑर्लँडोत स्पायडरमॅन आजही युनिव्हर्सलकडेच आहे. मालक बदलला, करार तसाच राहिला. म्हणून तिथल्या आपल्या एपकॉट पार्कमध्ये डिस्नीने २०२२ साली 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' आणलं, कारण ती पात्रं युनिव्हर्सलने वापरलेली नव्हती. आणि पात्राचे हक्क मिळाले म्हणजे नटाचा चेहरा वापरता येतोच असं नाही, त्याचा करार वेगळा.

आता यंत्राकडे येऊ. नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांत हायड्रॉलिक्सवर हात काळे केलेले इथे बरेच बसले असतील, त्यांना हे लगेच कळेल. सिम्युलेटर म्हणजे वर पडदा असलेली केबिन, खाली ती हलवणारे सहा सिलिंडर. डिस्नीलँडच्या १९८७ च्या 'स्टार टूर्स'मध्ये एका केबिनला ४० माणसं. समजा चढणं, पट्टे तपासणं, फिल्म, उतरणं मिळून ६ मिनिटं लागली, तर तासाला १० फेऱ्या, म्हणजे ४०० माणसं. अशा चार केबिन म्हणजे १६००. आता पट्ट्यांत दर फेरीला एकच मिनिट जास्त गेलं, तर तासाला सव्वादोनशेहून जास्त माणसं रांगेतच उभी राहतात. राइडचं अर्थकारण बिघडतं ते इथे. आणि पडद्यावरचं वळण आणि केबिनचा झोक यांची वेळ चुकली, तर माणसं मळमळत बाहेर येतात.

सिम्युलेटरचा फायदा असा, की चित्रपट जुना झाला तरी लोखंड वाया जात नाही. युनिव्हर्सलची 'बॅक टू द फ्यूचर' २००७ मध्ये बंद झाली. २००८ मध्ये त्याच इमारतीत, त्याच यंत्रणेवर 'सिम्प्सन्स' चालू. उलट युनिव्हर्सलच्याच १९९० च्या 'जॉज' राइडचा शार्क पाण्याखालचा. यंत्रं सारखी बंद पडायची, म्हणून ती राइड जवळजवळ नव्याने बांधून १९९३ मध्ये पुन्हा उघडावी लागली. शेवटी २०१२ मध्ये हॅरी पॉटरसाठी ती जागाच मोकळी केली.

समजा, पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारकात कोणी 'राजा हरिश्चंद्र'वर राइड करायची म्हटली. चित्रपट १९१३ चा, हक्कांची मुदत कधीच उलटली, तो खर्च नाही. तरी निविदेत दोन गोष्टी लिहून घ्या: सिलिंडरचे सील बदलायचं वेळापत्रक, आणि वीज गेली की केबिन आपोआप हळूहळू खाली बसेल व दार हाताने उघडेल अशी सोय.