शहराचं न्यायालय, शहराची तिजोरी

[पडद्यावर: जुन्या गावाचा नकाशा, ओहायो, अमेरिका]

काळ अमेरिकेतल्या दारूबंदीचा. एड ट्यूमी नावाच्या माणसाला दारू बाळगल्याबद्दल पकडलं आणि नॉर्थ कॉलेज हिल या छोट्या गावाच्या महापौरांपुढे उभं केलं. निकाल महापौरांनीच द्यायचा होता. दंड झाला 100 डॉलर. त्यातला अर्धा गावाच्या तिजोरीत जाणार होता. शिवाय खर्चापोटी 12 डॉलर खुद्द महापौरांना मिळणार होते, पण आरोपी दोषी ठरला तरच! 1927 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा एकमताने रद्द केली. निकालावर ज्याची कमाई ठरते, त्याने निकाल देऊ नये, असं न्यायालयाने बजावलं.

नगर न्यायालय कसं उभं राहतं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

असं न्यायालय शहर आपल्या मर्जीने काढू शकत नाही. त्याला अधिकार मिळतो राज्याच्या कायद्यातून. टेक्ससमध्ये कायद्यानेच प्रत्येक शहराला नगर न्यायालय दिलेलं आहे. न्यू जर्सीत प्रत्येक नगरपालिकेने स्वतःचं न्यायालय चालवायचं, नाहीतर शेजारच्या गावांबरोबर संयुक्त न्यायालय काढायचं. समोर येणारी प्रकरणं लहान असतात: वाहतुकीचे नियम, शहराच्या उपविधींचा, म्हणजे शहराने स्वतः केलेल्या नियमांचा, भंग, किरकोळ गुन्हे. पण बहुतेक नागरिक आयुष्यात न्यायालयाची पायरी चढतात ती इथेच.

[पडद्यावर: न्यायाधीशाची रिकामी खुर्ची]

या खुर्चीत कोणी बसायचं, याचं उत्तर राज्यागणिक बदलतं. ओहायोत नगर न्यायालयाचे न्यायाधीश मतदार निवडतात, सहा वर्षांसाठी. न्यू जर्सीत महापौर-परिषद पद्धतीच्या गावांत महापौर नगर परिषदेच्या संमतीने न्यायाधीश नेमतात, इतर गावांत गावाचं नियामक मंडळ नेमतं. मुदत तीन वर्षं, आणि तो वकील असलाच पाहिजे. न्यायालय संयुक्त असेल तर मात्र नेमणूक राज्यपाल करतात, राज्याच्या सिनेटच्या म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या संमतीने. मला ही तरतूद मोलाची वाटते, कारण तिथे न्यायाधीश कोणा एका महापौराचा माणूस राहत नाही.

न्यायाधीश अनेक ठिकाणी अर्धवेळच असतो. मग न्यायालय रोज चालवतं कोण? कारकून. तारखा तो लावतो, दंड भरून घेतो, समन्स त्याच्याच टेबलावरून निघतं. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात तर उपविधी मोडणाऱ्यांच्या अटकेचं वॉरंटही कारकून काढायचे, आणि ते वकील नव्हते. 1972 साली सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला. कारण हे कारकून पोलिसांच्या किंवा सरकारी वकिलाच्या हाताखाली नव्हते. त्यांच्यावर देखरेख न्यायाधीशांची होती.

त्याच वर्षी ओहायोतल्या मनरोव्हिल गावाचाही निकाल लागला. तिथल्या महापौरांच्या खिशात काही जात नव्हतं, पण गावाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यांच्याच न्यायालयातल्या दंडातून येत होता. सर्वोच्च न्यायालयाने तेही चालवून घेतलं नाही. गावाच्या पैशाची काळजी वाहणारा माणूस निःपक्ष न्यायाधीश कसा होणार?

[पडद्यावर: फर्ग्युसन, मिझुरी]

मार्च 2015. अमेरिकेच्या न्याय विभागाचा फर्ग्युसन शहराबद्दलचा अहवाल आला. तिथलं नगर न्यायालय पोलीस ठाण्याच्याच इमारतीत होतं. न्यायालयाचे कर्मचारी थेट पोलीसप्रमुखांच्या हाताखाली काम करत होते. न्यायाधीश अर्धवेळ, त्यामुळे बराचसा कारभार कारकुनाच्या हाती. आणि शहराचा सारा भर होता दंडाच्या वसुलीवर. खुर्ची होती, कारकून होते, कागदोपत्री सगळं जागेवर होतं. फक्त टॅम्पाच्या कारकुनांना जो आधार होता, तो इथे नव्हता.

फर्ग्युसनची वस्ती साधारण 21 हजार. डिसेंबर 2014 मध्ये या न्यायालयाने काढलेली अटक वॉरंटं 16 हजारांहून अधिक माणसांच्या नावावर थकलेली होती. आणि ती निघत होती प्रामुख्याने तारीख चुकली म्हणून, नाहीतर दंडाचा हप्ता भरता आला नाही म्हणून.