हळदीच्या पेठेतून कॅन्सरच्या प्रयोगशाळेत

(दृश्य : सांगली मार्केट यार्ड, हळदीचे सौदे)

सौदे सुरू झाले की हमालांचे कपडेसुद्धा पिवळे होतात. पलीकडे हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हीच हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं बाद केली. इथल्याच एका अडत्याची मुलगी विलिंग्डन कॉलेजात रसायनशास्त्र शिकली आणि पुढं कॅन्सर संशोधनात गेली. नाव घ्यायचं नाही, या अटीवर त्या बोलल्या.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी)

सुरुवात निदानापासून. स्तनातल्या गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, पातळ काप काढून रंगवायचा आणि पेशींवर ‘हर-टू’ हे प्रथिन किती आहे ते बघायचं. शंभरातल्या पंधरा-वीस रुग्णांत ते जास्त सापडतं. १९९८मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला परवानगी मिळाली आणि या तपासणीचं वजन वाढलं. ते औषध मुळात याच रुग्णांसाठी. रिपोर्ट चुकला की औषध चुकलं, आणि तेही महागडं.

मग औषधशोध. तिथं गाठ पडली ती घरच्याच मालाशी, हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनशी.

प्रयोगशाळेतल्या बशीत कर्क्युमिन कॅन्सरच्या पेशी मारतं, हे खरं. पण बशीत पेशी पुष्कळ गोष्टींनी मरतात. खरी गंमत वेगळीच. अनेक चाचण्यांचा निकाल प्रकाश मोजून लावतात, आणि निळ्या प्रकाशात कर्क्युमिन स्वतःच चमकतं. यंत्राला वाटतं, औषध लागू पडलं! शिवाय ते पाण्यात नीट विरघळत नाही, लवकर मोडतं, पोटातून रक्तात जेमतेम पोचतं. २०१७मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त आढावा आला : माणसांवर १२०हून अधिक चाचण्या, पण प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या लुटुपुटीच्या गोळीशी, तुलना करणारी एकही दुहेरी-अंध चाचणी (कुणाला काय दिलं ते रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही ठाऊक नसतं अशी) यशस्वी नाही.

हळदीच्या पेठेत हे बोलायला धाडस लागतं. वडिलांनी विचारलं, “मग एवढी वर्षं केलंस काय?”

“चाळण मारली, आप्पा. खोटा माल बाजूला काढला.”

आप्पांना ते लगेच पटलं. नातेवाइकांना अजून पटायचंय. त्या गावी आल्या की कुणीतरी हळदीच्या कॅप्सूलची बाटली पुढं करतंच. आमटीतली हळद चालू द्या, म्हणतात त्या. पण कॅप्सूलचा मोठा डोस यकृताला त्रास देऊ शकतो, चालू औषधांत ढवळाढवळ करू शकतो, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा. आणि मग बायोप्सीचा रिपोर्ट मागतात.