पडण्याचा पंचनामा

आधी एक छोटं काम करूया. हात छातीवर घ्या आणि कशाचाही आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठा, पाच वेळा बसा. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी नुसतं शेजाऱ्याकडे बघा. मी घड्याळ लावतो.

झालं? १४ सेकंदांत जमलं असेल तर ठीक. नसेल जमलं तर घाबरू नका, पण लक्षात ठेवा. ही चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शिकेत आहे. तिला यंत्र लागत नाही, डॉक्टरही लागत नाही. शिकवलेली आरोग्यसेविका घरी जाऊन ती करू शकते. त्याच भेटीत ती तीन शब्द सांगते आणि थोड्या वेळाने ते परत विचारते, कुजबुजलेलं ऐकू येतं का बघते, गेल्या तीन महिन्यांत मनात नसताना तीन किलोपेक्षा जास्त वजन उतरलं का ते विचारते.

हे सगळं कशासाठी, तर म्हातारपणाकडे बघायची फूटपट्टीच बदलली आहे. संघटनेच्या २०१५च्या अहवालाने निरोगी वार्धक्य म्हणजे रोग नसणं ही कल्पना बाजूला ठेवली. माणसाला जे करावंसं वाटतं ते त्याला करता येतं का, हा खरा प्रश्न. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, पण रोज फिरून येतो, मित्रांशी वाद घालतो. तो माणूस ठणठणीतच म्हणायचा. आणि हे ‘करता येणं’ जितकं त्याच्या शरीरावर अवलंबून, तितकंच जिन्याला कठडा आहे की नाही, यावरही.

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझे वडील एका रात्री लघवीला उठले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली, तक्रारीला जागा नाही. कागदावर कारण लिहिलं होतं, ‘घसरून पडले’. मी सार्वजनिक आरोग्यात उभी हयात घालवलेला माणूस, मला काही ते पटेना. मग मी घरातच पंचनामा केला. झोपेची गोळी एका डॉक्टरांनी दिलेली. रक्तदाबाच्या गोळीचा डोस दुसऱ्यांनी वाढवलेला, त्यामुळे उठून उभं राहिलं की चक्कर. मोतीबिंदूची तारीख दोनदा पुढे गेलेली. बोळातला दिवा गेलेला, तो बदलायचा राहिला माझ्याकडून. चपलेचा तळ गुळगुळीत. आणि मांड्यांत जोर नाही, कारण वर्षभरापूर्वी एकदा तोल गेल्यापासून त्यांनी भीतीने चालणंच कमी केलं होतं.

यात गुन्हेगार कोण? कोणीच नाही. मी सोडलो तर प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं. घरी सोडताना दिलेल्या कागदावर त्याच दोन गोळ्या पुन्हा होत्या!

जगात पडल्यामुळे दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं मरतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल हाच आकडा, आणि त्यात सर्वांत जास्त साठीच्या पुढचे. रस्त्यावर गाडी धडकली तर पोलीस येतात, पंचनामा होतो, रस्ता कोणाचा, वाहन कोणाचं, परवाना होता का, सगळं निघतं. म्हातारं माणूस पडलं की आपण म्हणतो, वयच झालं. वय हे काही निदान नव्हे.

२०२१ ते २०३० हे संयुक्त राष्ट्रांनी निरोगी वार्धक्याचं दशक म्हणून जाहीर केलंय. साठीपुढची माणसं २०२० साली जगात १०० कोटी होती, २०३० पर्यंत १४० कोटी होतील. त्यामुळे समन्वय समित्या सगळीकडे निघाल्यात. मी अशा बऱ्याच समित्यांवर बसलोय. इतिवृत्त सुरेख असतं. अडतं ते पैशापाशी. बांधकाम खात्याने कठडे बसवले तर खर्च त्यांच्या खात्यात पडतो, आणि वाचतात ते अस्थिरोग विभागाचे पैसे. तोल सांभाळायचा व्यायामवर्ग समाजकल्याणने चालवायचा, श्रेय आरोग्य खात्याला. मग कोण हलणार? जिथे दोघांचा मिळून एकच निधी ठेवला जातो, तिथे फायली जरा लवकर हलतात, एवढं मी पाहिलंय.

एक उदाहरण देतो. कित्येक देशांत पादचाऱ्यांचा सिग्नल सेकंदाला १.२ मीटर या चालीवर बेतलेला असतो. १२ मीटरचा रस्ता, १० सेकंद. पण सत्तरीतली कितीतरी माणसं सेकंदाला ०.८ मीटरनेच चालतात. त्यांना १५ सेकंद लागतात. या पाच सेकंदांवर कोणत्याही दवाखान्यात औषध नाही. ते वाहतूक अभियंत्याच्या हातात आहेत, आणि त्याला चालीचा वेग कोणीतरी मोजून द्यायला हवा. आरोग्यसेविका तो घरी मोजू शकते. चार मीटर जागा आणि घड्याळ पुरतं. पण तिच्या वहीतला आकडा अभियंत्याच्या टेबलावर पोचायला आजही वाट नाही. सहकार्य म्हणजे मी ही वाट म्हणतो. परिषदा वगैरे नंतर.

पासष्टीनंतर आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. चांगलंच आहे. पण ते शिकवणार कोण, कुठे, आणि तिथवर माणूस जाणार कसा? वाचनालयाची रिकामी खोली चालेल. बस मात्र अशी हवी, की चढलेला माणूस बसेपर्यंत चालक थांबेल.

वडिलांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. महिन्याने गोळ्या संपल्या तेव्हा औषधविक्रेत्या बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि दोन्ही डॉक्टरांना फोन लावला. झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद झाली, रक्तदाबाचा डोस उतरला. मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं? त्या म्हणाल्या, कोणीच नाही, दुकानात गर्दी नव्हती म्हणून केलं.

वडील आता १९ सेकंदांत पाच वेळा उठतात. घड्याळ ते स्वतःच लावतात, आणि मला वाटतं थोडं उशिराच लावतात. बरं, प्रश्न असतील तर विचारा.