नऊ शेपट्यांचा हिशेब

मित्रहो, आजच्या विषयात ‘कोल्हा’ हा शब्द मी अनेकदा वापरणार आहे, आणि प्राणिशास्त्राच्या काट्यावर तोलला तर तो चुकीचा आहे. आपल्याकडे उसाच्या फडात शिरणारा आणि तिन्हीसांजेला कोल्हेकुई करणारा कोल्हा वेगळा, आणि माळरानावर बीळ करून राहणारे, अंगाने लहान व झुपकेदार शेपटीचे खोकड वेगळे. चीन, कोरिया आणि जपान या देशांच्या लोककथांतला मायावी प्राणी खोकडाच्या जातकुळीतला आहे. तरीही मी ‘कोल्हा’च म्हणेन, कारण या दोन प्राण्यांची नावे एकमेकांत मिसळण्याची गोष्ट फार जुनी आहे, आपल्या देशाशी तिचे खरेखुरे नाते आहे, आणि आजच्या एका लोकप्रिय व्हिडिओ गेमपर्यंत ती येऊन पोचते.

व्हिडिओ गेममधले पात्र आपल्याला चित्रातून दिसते, पण त्याचा स्वभाव कळतो तो नियमांतून. त्याला काय करता येते, त्यासाठी काय मोजावे लागते, कशाने त्याचे सोंग उघडे पडते, हे खेळाडू खेळता खेळता शिकतो. मायावी कोल्ह्याच्या कथाही अशाच अटींवर उभ्या आहेत, आणि म्हणूनच हे पात्र गेमच्या माध्यमाला इतके मानवले, असे माझे मत आहे. डोक्यावर दोन टोकदार कान आणि मागे शेपट्यांचा पिसारा लावून अनेक गेमनी देखण्या तरुणी उभ्या केल्या आहेत. त्यांच्याविषयी मला फारसे सांगण्यासारखे काही नाही. ज्या थोड्या निर्मात्यांनी शेपटीबरोबर कथेतली अटही उचलली, त्यांच्याविषयी मात्र पुष्कळ बोलता येईल.

सुरुवात चीनपासून करू. ‘शानहाय जिंग’ या प्राचीन ग्रंथात छिंगछिऊ नावाच्या पर्वतावरच्या एका प्राण्याचे वर्णन आहे. तो कोल्ह्यासारखा दिसतो, त्याला नऊ शेपट्या आहेत, त्याचा आवाज तान्ह्या बाळासारखा आहे आणि तो माणसे खातो. मात्र जो त्याचे मांस खाईल, त्याला विषारी करणीची बाधा होत नाही. अवघ्या दोन-तीन वाक्यांच्या या नोंदीत आमिष आहे, धोका आहे आणि धोका पत्करल्याचे बक्षीसही आहे. पुढे चौथ्या शतकातल्या ग्वो पू यांच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात कोल्ह्याच्या वयाची शिडीच दिलेली आढळते: 50 वर्षांचा कोल्हा स्त्रीचे रूप घेऊ शकतो, 100 वर्षांचा झाला की तो लावण्यवती होतो, आणि 1000 वर्षे पूर्ण झाली की स्वर्गाशी संवाद साधणारा ‘दिव्य कोल्हा’ बनतो. इसवी सन 978 मध्ये सिद्ध झालेल्या ‘थायफिंग ग्वांगजी’ या प्रचंड कथासंग्रहाने कोल्ह्यांच्या कथांना नऊ खंड दिले आहेत. कोल्ह्याची शक्ती जन्मजात पुरी नसते, ती काळाने आणि साधनेने वाढत जाते, ही कल्पना या सगळ्या परंपरेत मुरलेली आहे. लेव्हल चढत जाणाऱ्या गेमला याहून सोयीचे बीज कोणते मिळणार?

जपानमध्ये 1996 साली आलेल्या पहिल्या पोकेमॉन गेममध्ये हे बीज नेमके रुजलेले दिसते. त्यात वल्पिक्स हा कोल्ह्यासारखा प्राणी आहे आणि नाइनटेल्स हे त्याचेच पुढचे रूप. त्यांची मूळ जपानी नावे ‘रोकोन’ आणि ‘क्यूकोन’ अशी आहेत. ‘रोकु’ म्हणजे सहा, ‘क्यू’ म्हणजे नऊ, आणि ‘कोन’ हा जपानी कानाला ऐकू येणारा कोल्ह्याचा आवाज. जन्मताना वल्पिक्सला एकच पांढरी शेपटी असते आणि वाढत्या वयाबरोबर ती फाटत जाते, असे गेममधली नोंद सांगते. नाइनटेल्सची शेपटी जो पकडेल त्याला 1000 वर्षांचा शाप लागतो, असेही ती बजावते. अग्नी हा त्यांचा गुणही उगाच आलेला नाही, कारण रात्री रानात दिसणाऱ्या गूढ उजेडाला जपानी लोक ‘कित्सुनेबी’, म्हणजे कोल्ह्याचा अग्नी, असेच म्हणत आले आहेत.

त्याहूनही मला आवडते ते 2010 च्या पोकेमॉन गेममधले झोरोआर्क. लढाईत उतरताना ते आपल्याच संघातल्या दुसऱ्या पोकेमॉनचे रूप घेऊन येते, आणि प्रतिस्पर्ध्याचा घाव अंगाला लागला की ते रूप गळून पडते. इसवी सन 822 च्या सुमारास क्योकाई नावाच्या बौद्ध भिक्षूने संकलित केलेल्या कथासंग्रहात मिनो प्रांतातल्या एका माणसाची कथा आहे. वाटेत भेटलेल्या स्त्रीशी तो लग्न करतो, त्यांना मुलगा होतो, आणि एके दिवशी घरातला कुत्रा भुंकत तिच्या अंगावर धावून जातो. ती घाबरते, त्या क्षणी तिचे सोंग सुटते आणि ती कोल्हीण होऊन कुंपणावर चढून बसते. नवरा मात्र तिला म्हणतो, आपल्याला मूल झाले आहे, मी तुला विसरणार नाही, तू येऊन माझ्याजवळ निजत जा. ‘ये आणि नीज’ या अर्थाच्या जपानी शब्दांतून ‘कित्सुने’, म्हणजे कोल्हा, हा शब्द आला, अशी लोकव्युत्पत्ती ही कथा देते. धक्का बसताच रूप सुटणे ही या कथेतली अट झोरोआर्कच्या निर्मात्यांनी एका साध्या नियमात बसवली आहे. नवऱ्याच्या त्या वाक्यातली माया मात्र नियमात बसत नाही. तिच्यासाठी कथाच वाचावी लागते.

2006 मध्ये कॅपकॉमने काढलेल्या ‘ओकामी’ या गेमने तर फसवणुकीचा रोख थेट खेळाडूवरच ठेवला. त्यात राओ नावाची पुजारीण भेटते, खेळाडू तिच्यावर विश्वास टाकतो, तिच्या सांगण्यावरून धोके पत्करतो, आणि पुढे कळते की ती नऊ शेपट्यांचा कोल्हाच होती आणि खरी राओ कधीच मारली गेली होती. कोल्ह्याने फसवलेल्या माणसाची गोष्ट ऐकणे आणि स्वतः फसणे यात केवढे अंतर आहे, हे त्या प्रसंगी उमगते.

आता कोरियाकडे वळू. तिथल्या नऊ शेपट्यांच्या कोल्हिणीला ‘गुमिहो’ म्हणतात. तिच्याजवळ एक मणी असतो. एका प्रसिद्ध कोरियन कथेत शाळेला जाणाऱ्या मुलाला वाटेत रोज एक सुंदर मुलगी भेटते, त्याचे चुंबन घेते, आणि त्या वेळी मणी तिच्या मुखातून त्याच्या मुखात आणि पुन्हा तिच्या मुखात असा फिरत राहतो. मुलगा दिवसेंदिवस खंगत जातो. गुरूच्या सांगण्यावरून तो एकदा मणी गिळून टाकतो. मणी गिळताच आभाळाकडे पाहिले तर आभाळाचे सारे ज्ञान मिळायचे. पण घाईत त्याची नजर जमिनीवर जाते आणि त्याला केवळ पृथ्वीवरचे ज्ञान मिळते.

डिसेंबर 2011 मध्ये, लीग ऑफ लेजेंड्स हा गेम कोरियात सुरू होत असताना, राएट गेम्सने अहरी हे पात्र आणले. तिच्या हातात एक चमकता गोळा असतो. ती तो फेकते, तो समोरच्याला लागून पुढे जातो आणि तिच्याकडे परत येतो. ये-जा करणारा तो मणीच हा! तिने सोडलेले चुंबन ज्याला लागते, तो प्रतिस्पर्धी हत्यार विसरून तिच्या दिशेने चालू लागतो. आणि तिच्यात एक मोजणीही दडलेली आहे: सुरुवातीच्या रूपात तिचे घाव लागतील तसे प्राणतत्त्वाचे अंश जमत, आणि नऊ अंश पुरे झाले की तिच्या पुढच्या घावातून तिलाच जीवनशक्ती मिळे. नऊ हा आकडा इथे शेपट्यांची शोभा म्हणून आलेला नाही. तो भुकेचा हिशेब आहे.

या ठिकाणी थोडे थांबून एक गोष्ट स्पष्टपणे बोलायला हवी. पूर्व आशियातल्या कोल्हिणीच्या पुष्कळ कथांत राजाच्या दुर्गुणांचे खापर एका स्त्रीवर फोडलेले आहे. चीनचा शांग राजवंश बुडाला तो शेवटच्या राजाची लाडकी दाजी हिच्यामुळे, कारण तिच्या अंगात कोल्हीण शिरली होती, असे मिंगकालीन कादंबरी सांगते. चिनी भाषेत दुसऱ्याचा संसार मोडणाऱ्या बाईला ‘हुलीजिंग’, म्हणजे मायावी कोल्हीण, अशी शिवी आजही दिली जाते. बहुतेक कथांत आपण कोल्हिणीकडे बाहेरून, भ्यालेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहतो. अहरी खेळताना आपण कोल्हिणीच्या आत असतो. पुढचा अंश कुठून मिळेल हे आपणच शोधत असतो, आणि माणसांचे प्राण शोषून माणूस होऊ पाहणाऱ्या आणि नंतर त्याच कृत्याने व्यथित झालेल्या पात्राची भूक आपल्याच बोटांत उतरते. लोककथेने हजार वर्षांत क्वचितच केलेली ही गोष्ट गेमने केली, आणि मला ती या माध्यमाची मोठी देणगी वाटते.

आता सुरुवातीच्या शब्दाकडे परत येतो. संस्कृतात ‘शृगाल’ म्हणजे आपला कोल्हा, पंचतंत्रातल्या करटक-दमनकांच्या जातीचा. बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे झाली तेव्हा या प्राण्यासाठी ‘येगान’ हा शब्द वापरला गेला. इसवी सन 406 मध्ये कुमारजीवाने केलेल्या सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या भाषांतरात तो आहे. जपानमध्ये शृगाल नाहीत. तिथे ‘याकान’ हा उच्चार घेऊन शब्द पोचला आणि लोकांनी तो आपल्या ओळखीच्या प्राण्याला, म्हणजे कित्सुनेला, लावला. आपल्याकडे स्मशानात वावरणारी डाकिनीही अशीच तिथे गेली, ‘दाकिनीतेन’ झाली आणि पांढऱ्या कोल्ह्यावर आरूढ झाली.

जपानच्या सर्वांत कुप्रसिद्ध कोल्हिणीला, तामामो-नो-माए हिला, तर कथाकारांनी भारतातूनच आणले. सम्राट तोबाच्या दरबारात शिरण्यापूर्वी ती चीनमध्ये दाजी होती, आणि मगधात हान्झोकू राजपुत्राची प्रिया होती, असे ही कथा सांगते. हा हान्झोकू म्हणजे शापाने नरभक्षक झालेला, महाभारतात आणि जातककथांत भेटणारा आपला कल्माषपाद. शेवटी तामामो जपानमधल्या नासूच्या माळावर मारली गेली आणि तिचा ‘सेश्शोसेकी’, म्हणजे जीव घेणारा दगड, झाला. तिथे जमिनीतून ज्वालामुखीचे विषारी वायू निघतात, त्यामुळे जवळ जाणारे कीटक खरोखरच मरतात. 1689 मध्ये तिथे गेलेल्या कवी बाशोने मेलेल्या मधमाश्या आणि फुलपाखरे यांचा खच पाहिला होता.

फेब्रुवारी 2022 मध्ये गेन्शिन इम्पॅक्ट या गेममध्ये याए मिको हे पात्र खेळायला मिळू लागले. ती देवस्थानाची प्रमुख पुजारीण आहे, कोल्ह्याच्या वंशातली आहे, आणि इनारी या जपानी धान्यदेवतेच्या कोल्ह्यांना लोक जो तळलेला टोफू वाहतात, तोच तिला प्रिय आहे. तिच्या एका कौशल्याच्या नावात ग्वो पू यांच्या शिडीवरचा तो 1000 वर्षांचा दिव्य कोल्हा ‘तेन्को’ या जपानी रूपात आहे. दुसऱ्या कौशल्याने ती जमिनीत ‘सेश्शो साकुरा’, म्हणजे जीव घेणारे चेरीवृक्ष, रोवते आणि स्वतः दूर निघून जाते. मग जो शत्रू त्यांच्या आसपास येईल, त्याच्यावर वीज कोसळते. नासूच्या दगडाचा गुणधर्म इथे जसाच्या तसा गेमचा नियम झाला आहे. गंमत अशी की हे पात्र येऊन महिना व्हायच्या आत, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, नासूचा तो दगड दुभंगलेला आढळला आणि कोल्हीण सुटली म्हणून जगभर चर्चा झाली.

‘सेश्शो साकुरा’ रोवण्याच्या त्या कौशल्याच्या पूर्ण नावाचा पहिला शब्द ‘याकान’ आहे. पुण्यातला किंवा साताऱ्यातला एखादा मुलगा मोबाइलवर ते नाव वाचतो आणि बटण दाबतो, तेव्हा त्याच्या आजीने सांगितलेल्या पंचतंत्रातला शृगालच दोन भाषांचा वळसा घालून त्याच्या हातात आलेला असतो.